अंश आणि छेद

‘जॉय’ हा चित्रपट नोव्हेंबर २०२४मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, निदान ‘बघच’ म्हणून कोणीतरी सुचवला तरी असेल. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिच्या जन्मामागच्या दहा वर्षांची ही गोष्ट. दिग्दर्शन बेन टेलरचं, पटकथा जॅक थॉर्नची. चित्रपट नेटका आहे, कामं उत्तम झाली आहेत आणि शेवटी डोळ्यांत पाणी येतं. तरीही त्याच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. तीच तक्रार मला तपन सिन्हांच्या ‘एक डॉक्टर की मौत’बद्दलही आहे आणि तिथे ती जास्त गंभीर आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये आणि कोलकात्यात अवघ्या ७० दिवसांच्या अंतराने दोन मुली जन्मल्या. या दोन चित्रपटांची मुळं त्या दोन जन्मांत आहेत, म्हणून ते एकापाठोपाठ बघावेत असं मी सुचवेन. पाहताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा: ज्या बायकांच्या शरीरावर हे संशोधन झालं, त्या पडद्यावर किती वेळ दिसतात?

आधी ‘जॉय’. १९६८मध्ये केंब्रिजला रॉबर्ट एडवर्ड्स (जेम्स नॉर्टन) या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत जीन पर्डी (थॉमसिन मॅकेन्झी) ही तरुण नर्स नोकरीला लागते. स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करायचं हा एडवर्ड्सचा ध्यास, पण बीज मिळवायचं कुठून? ओल्डहॅमला पॅट्रिक स्टेप्टो (बिल नाय) हा स्त्रीरोगतज्ज्ञ पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीतून आत बघतो. लॅपरोस्कोपीचं हे तंत्र तेव्हाच्या बड्या डॉक्टरांना मुळीच पसंत नसतं. तिघं एकत्र येतात. मग केंब्रिज ते ओल्डहॅम अशा अखंड फेऱ्या, मेडिकल रिसर्च कौन्सिलचा नकार, वर्तमानपत्रांची टिंगल, चर्चची नाराजी, अपयशामागून अपयश, आणि अखेर २५ जुलै १९७८ची रात्र. लुईसचं मधलं नाव जॉय, तेच चित्रपटाचं नाव.

पर्डीला मध्यभागी आणणं ही या चित्रपटाची खरी कामगिरी. आयव्हीएफ म्हटलं की स्टेप्टो आणि एडवर्ड्स हीच जोडी आठवते. पर्डी १९८५मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी कर्करोगाने गेली. स्टेप्टो १९८८मध्ये गेले. २०१०चं नोबेल एकट्या एडवर्ड्सना मिळालं, कारण ते मरणोत्तर देत नाहीत. पण नोबेलच्या पुष्कळ आधी ओल्डहॅमच्या आरोग्य खात्याने फलक लावला, त्यावरही तिचं नाव नव्हतं. तिचा वाटा माझ्याइतकाच आहे, असं एडवर्ड्सनी अधिकाऱ्यांना लिहून कळवलं होतं. तो पत्रव्यवहार २०१९मध्ये अभ्यासकांना खुला झाला आणि चित्रपटाने त्याचाच धागा धरला आहे.

चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रसंगही पर्डीचाच आहे. ज्या इस्पितळात आपण मूल व्हावं म्हणून धडपडतोय, तिथेच स्टेप्टो गर्भपातही करतात, हे तिला कळतं. ती श्रद्धाळू ख्रिस्ती घरातली, तिला धक्का बसतो. तेव्हा मेट्रन म्युरिएल तिला ठणकावते की बाईला निवड करता यावी म्हणून आपण इथे आहोत, आणि निवड म्हणजे सगळ्याच निवडी. ब्रिटनचा गर्भपाताचा कायदा १९६७चा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा. मूल हवं असलेल्या बाईबद्दल कळवळा आणि नको असलेल्या बाईबद्दल तिटकारा, ही विभागणी आपल्याही घरांत चालते. हा प्रसंग ती दोन मिनिटांत मोडून काढतो.

आता तक्रार. पर्डीवरचा अन्याय दूर करताना चित्रपटाने तिला सगळ्या बायकांची प्रतिनिधी करून टाकलं आहे. तिला एंडोमेट्रिऑसिस आहे, तिला स्वतःला मूल होणं कठीण आहे, तेव्हा तिचं दुःख म्हणजेच त्या सगळ्या जणींचं दुःख असं आपण धरून चालायचं. प्रत्यक्ष उपचार घेणाऱ्या बायका आपल्या गटाला ‘ओव्हम क्लब’ म्हणतात, इंजेक्शनांच्या रांगेत बसतात, एकमेकींना धीर देतात. त्यांतल्या मोजक्या जणींना चेहरा मिळतो. मग लेस्ली ब्राऊन येते आणि कथा शेवटाकडे धावते.

ओल्डहॅमच्या प्रयोगशाळेतल्या वह्या सुदैवाने जपल्या गेल्या. के एल्डर आणि मार्टिन जॉन्सन यांनी त्या पानन् पान तपासून २०१५मध्ये लेख प्रसिद्ध केले. त्यांतून जे दिसतं ते असं: १९६९ ते १९७८ या काळात २८२ बायका या संशोधनात सहभागी झाल्या. भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापर्यंत मजल गेली ११२ वेळा. गर्भ राहिला ५ वेळा. मूल जन्मलं २ वेळा, एक लुईस आणि दुसरा जानेवारी १९७९मध्ये जन्मलेला मुलगा.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. लुईस अंशात आहे आणि २८२ जणी छेदात. मराठीत ‘छेद’ म्हणजे कापही. या बायकांच्या पोटाला तोही गेला होता, काहींच्या एकापेक्षा जास्त वेळा. सुरुवातीच्या टप्प्यात तर भ्रूण परत ठेवायची वेळच आलेली नव्हती. बीजं काढायची, ती बाहेर कशी वाढतात ते बघायचं, इतकंच चाललं होतं. त्या बायकांना त्यातून मूल होणं शक्यच नव्हतं. पुढे पहिला गर्भ राहिला तो गर्भाशयाऐवजी नलिकेत. आणि लेस्ली ब्राऊनने स्वतः नंतर सांगितलं की अशी शेकडो मुलं आधीच जन्मली असतील अशी तिची समजूत होती. आपण पहिल्या आहोत हे तिला माहीतच नव्हतं. आजच्या कुठल्याही संशोधन-नीती समितीपुढे हे वाक्य आलं तर काम तिथेच थांबेल. चित्रपटाला इथे थांबावंसं वाटत नाही, कारण इथे थांबलं तर ज्या तिघांवर आपण प्रेम करायचं ते थोडे अवघड वाटू लागतील. मला वाटतं ते तसे वाटायला हरकत नव्हती. ध्यास घेतलेली भली माणसंही समोरच्या बाईला पूर्ण सांगत नाहीत, हे दाखवलं असतं तर चित्रपट लहान झाला नसता.

आता कोलकात्याकडे. ‘एक डॉक्टर की मौत’ १९९०चा. डॉ. दीपंकर रॉय झालेले पंकज कपूर, पत्नी सीमा झालेल्या शबाना आझमी, तरुण पत्रकाराच्या भूमिकेत इरफान खान. तपन सिन्हांना या चित्रपटासाठी दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. कथा रमापद चौधुरींची. तिच्यामागे सावली आहे ती डॉ. सुभाष मुखर्जींची. मुखर्जींनी कोलकात्यात, तुटपुंज्या साधनांनिशी, सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य या दोन सहकाऱ्यांसोबत आयव्हीएफ केलं आणि ३ ऑक्टोबर १९७८ला ‘दुर्गा’ जन्मली. त्यांची पद्धत ओल्डहॅमपेक्षा वेगळी होती. हार्मोनची इंजेक्शनं देऊन एकाहून जास्त बीजं मिळवायची, ती योनीमार्गाने काढायची, भ्रूण गोठवून ठेवायचं आणि पुढच्या एखाद्या पाळीच्या चक्रात गर्भाशयात ठेवायचं. आज जगभरच्या क्लिनिकांत जे चालतं ते याच्या बरंच जवळचं आहे.

राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. या तंत्राचा अनुभव तेव्हा देशात दुसऱ्या कोणालाच नव्हता, मग समितीत कुठून असणार? समितीने दावा फेटाळला. मुखर्जींना परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही, पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत केली. १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली.

चित्रपट या छळाचं चित्रण फार ताकदीने करतो. सचिवालयातले मख्ख चेहरे, सहकाऱ्यांची गोड बोलून केलेली कुचंबणा, घरातली ओढाताण. पंकज कपूर यांचा तो चिडका, हट्टी, पोरकट डॉक्टर विसरता येत नाही. पण या डॉक्टरचा मुख्य शोध कोणता? कुष्ठरोगावरची लस. मूळच्या घटनेतलं टेस्ट ट्यूब बेबीचं संशोधन बाजूला गेलं.

हा फरक किरकोळ नाही. कुष्ठरोगाच्या लसीला नाक मुरडणारा प्रेक्षक मिळणार नाही. लस प्रयोगशाळेत तयार होते, तिचं श्रेय कोणाचं एवढाच वाद उरतो. आयव्हीएफ दाखवायचं तर एक बाई दाखवावी लागली असती. तिच्या गर्भनलिका बंद आहेत हे सांगावं लागलं असतं. तिचं सासर, ‘दोष कोणात?’ हा प्रश्न, शेजाऱ्यांपासून लपवलेल्या तारखा, आणि जन्मलेल्या मुलीबद्दल लोक काय म्हणतील ही भीती, सगळंच आलं असतं. प्रत्यक्षात दुर्गाचं कुटुंब वर्षानुवर्षं प्रसिद्धीपासून दूर राहिलं, आणि पंचविशीत आल्यावर कनुप्रिया अगरवाल स्वतःच्या नावाने लोकांपुढे आली. ज्या लोकलाजेमुळे हे सगळं झाकून ठेवावं लागलं, तिचाही मुखर्जींच्या एकटेपणात वाटा असणार. चित्रपटाने दोष नोकरशाहीला दिला, तो बरोबरच आहे. पण नोकरशाहीला दोष देताना प्रेक्षक टाळ्या वाजवतो, आणि लोकलाजेला दिला असता तर त्याला स्वतःकडे बघावं लागलं असतं.

त्या काळाचं आणखी एक अंग दोन्ही चित्रपटांत पुरेसं येत नाही. १९७१मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलने एडवर्ड्स आणि स्टेप्टोंना पैसे नाकारले त्याला अनेक कारणं होती. त्यांतलं एक म्हणजे तेव्हा कौन्सिलला जन्म रोखण्यात रस होता, वंध्यत्व हा मोठा प्रश्न वाटत नव्हता. भारतात तर भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता आणि आणीबाणीतली सक्तीची नसबंदी ताजी होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमतही केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अंमलात आलं नाही. अशा देशात एक डॉक्टर मूल ‘करून’ दाखवतो, याचं सरकारला कौतुक कसं वाटावं? बाईच्या शरीराकडे बघायचं ते लोकसंख्येच्या हिशेबात. मूल हवं असलेली एकटी बाई त्या हिशेबात बसतच नव्हती.

‘एक डॉक्टर की मौत’चा शेवट आपल्याला, म्हणजे देशाबाहेर राहणाऱ्यांना, फार आवडतो. परदेशातल्या एका संस्थेकडून निमंत्रण येतं आणि डॉक्टर जायचं ठरवतो. तिकडे कदर नाही म्हणून इकडे आलो, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला तो शेवट आपलाच वाटतो. मलाही वाटला होता. पण मुखर्जी कुठेच गेले नाहीत. आणि गोष्ट कोलकात्यात संपलीही नाही, ती मुंबईला परळमध्ये पुढे सुरू झाली.

६ ऑगस्ट १९८६ला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा जन्मली. शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार हे या कामातले शास्त्रज्ञ. भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून सगळीकडे हर्षाचं नाव लागलं. पुढे आनंद कुमारांच्या हाती मुखर्जींची टिपणं आली. ती वाचून त्यांची खात्री पटली आणि १९९७मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून त्यांनी पहिलेपणाचा मान मुखर्जींना देऊन टाकला. म्हणजे स्वतःच्याच चमूचा मान. विज्ञानात मी आजवर वाचलेल्या गोष्टींत याच्या तोडीच्या फार थोड्या आहेत. यावर कोणी चित्रपट काढला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाईन. मात्र त्यातही परळच्या बाह्यरुग्ण विभागात पहाटे लोकल पकडून रक्त द्यायला येणाऱ्या बायका दिसाव्यात, एवढी माझी अट असेल.

यावर तुम्ही म्हणाल, अहो, पण त्या बायकांना तरी पुढे यायचं होतं का? प्रश्न रास्त आहे. मी प्रजननशास्त्रात पोस्टडॉक करते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नमुन्याच्या नळीवर क्रमांक असतो, नाव नसतं, आणि ते तसंच असायला हवं. नाव गुप्त ठेवणं हा त्या बाईचा हक्क आहे. पण नाव न सांगणं वेगळं आणि ती नव्हतीच असं वागणं वेगळं. २८२ जणींपैकी एकीचंही नाव न घेता त्यांनी काय सोसलं, त्यांना काय सांगितलं गेलं आणि काय नाही, हे दाखवता येतं. कल्पित पात्रं कशासाठी असतात?

मराठीत या विषयावरचा चित्रपट म्हटला की समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ आठवतो. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि त्यावरूनच पुढे हिंदीत ‘मिमी’ आला. परदेशी बाईसाठी मूल वाढवणारी विदर्भातली यशोदा (उर्मिला कानेटकर) तिथे मध्यभागी आहे, म्हणजे मी म्हणते ती बाई अखेर पडद्यावर आली. पण येताना ती आई म्हणूनच आली. सगळा भर मूल कोणाचं, माया कोणाची यावर. तिच्या शरीरात काय घातलं गेलं, त्यातले धोके कोणते, करारावर सही करताना तिला काय कळलं होतं, हे प्रश्न मायेच्या पुरात वाहून जातात. एकीकडे बाई नसलेलं विज्ञान आणि दुसरीकडे विज्ञान नसलेली आई. या दोन्हींच्या मधली गोष्ट अजून कोणीतरी सांगायची आहे.

हे फक्त चित्रपटांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. तुमच्या ओळखीत आज कोणीतरी या वाटेवर असणार. मंडळाच्या हळदीकुंकवात दबक्या आवाजात क्लिनिकांची नावं सांगितली जातात. फोनवर ‘काय, गोड बातमी कधी?’ हे थांबत नाही. इथली प्रतीक्षायादी किंवा खर्च बघून ‘सुट्टी टाकून पुण्यालाच करून येऊ’ असं ठरतं. आणि क्लिनिकच्या पानावर मोठ्या अक्षरात यशाचे टक्के असतात, शेजारी हसऱ्या बाळाचा फोटो. तो अंश. छेद कुठे आहे?

ओल्डहॅमचेच आकडे घ्या. भ्रूण ठेवण्याच्या ११२ वेळा आणि राहिलेले ५ गर्भ असा भागाकार केला तर यश साडेचार टक्के. गर्भ राहिल्याऐवजी मूल जन्मलं हे धरलं, तर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. आणि सहभागी झालेल्या सगळ्या २८२ जणी मोजल्या, तर एक टक्काही नाही, ०.७. वह्या त्याच, माणसं तीच, आकडा सहापट बदलला, आणि यातला एकही खोटा नाही. आजच्या क्लिनिकचे आकडे अर्थातच खूप चांगले आहेत, पण भागाकाराची ही गंमत तीच आहे. इंजेक्शनं सुरू केली पण बीजंच नीट मिळाली नाहीत, फलन झालं नाही, भ्रूण ठेवण्याजोगं निघालं नाही, अशा बायका ‘दर भ्रूणरोपणामागे’ काढलेल्या टक्क्यांतून आधीच गळून गेलेल्या असतात.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते. आयव्हीएफच्या आधी गर्भाशयाचं अस्तर मुद्दाम खरवडलं तर गर्भ राहण्याची शक्यता वाढते, असा समज होता. त्यासाठी क्लिनिकं पैसेही घेत. २०१९मध्ये १,३६४ बायकांवरच्या चाचणीचे निकाल आले. निम्म्यांचं अस्तर खरवडलं, निम्म्यांचं नाही, आणि मूल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे २६.१ टक्के, अगदी सारखं. तुमच्या मैत्रिणीला आज तो दुखरा आणि निरुपयोगी प्रकार नाकारता येतो तो या १,३६४ जणींमुळे. स्वतः मूल व्हावं म्हणून आलेल्या असताना कुठल्या गटात पडायचं हे त्यांनी नशिबावर सोडलं. त्यांतल्या बहुतेकींना त्या खेपेला मूल झालं नाही, तरी निकाल सगळ्यांच्या हाती आला. छेदातल्या बायका संशोधनाला काय देतात याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा ‘जॉय’ जरूर बघा, पर्डीसाठी आणि मेट्रन म्युरिएलसाठी बघा. ‘एक डॉक्टर की मौत’ मिळाला तर तोही बघा, पंकज कपूर यांच्यासाठी आणि जे त्यात नाही त्यासाठीही. आणि क्लिनिकमध्ये कोणी तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला यशाचे टक्के सांगितले, तर तीन प्रश्न विचारा. उपचार सुरू केलेल्या सगळ्या बायका यात धरल्या आहेत का? गर्भ राहिलेले मोजलेत की जन्मलेली मुलं? आणि माझ्या वयाच्या किती जणी यात आहेत? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तो कागद पुढे ओढून आकडे लिहून दाखवतो.